शेर आणि शरह : दोन अंतराळपटांचा इतिहास

उर्दू शायरीत शेर आणि शरह या दोन वेगळ्या चिजा आहेत. शेर दोन ओळींचा. शरह म्हणजे त्या दोन ओळींचा उलगडा. तो कधी कधी दोन-दोन पाने चालतो. गालिबच्या दिवाणावर आजवर कितीतरी जाणकारांनी शरह लिहिली. ती उपयोगाची आहे. आम्हा शिक्षकांचे तर तिच्यावाचून चालतच नाही. पण मुशायऱ्यात कुणी शरह वाचून दाखवली आणि तिला दाद मिळाली, असे ऐकिवात नाही. दाद मिळते ती शेराला, आणि ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ आपोआप उमलतो त्या क्षणाला.

सिनेमाच्या इतिहासात या गोष्टीचा एक चांगला दाखला आहे. १९६८ साली '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा अंतराळपट आला. सोळा वर्षांनी, १९८४ साली, '२०१०' या नावाने त्याचा पुढचा भाग आला. पहिला स्टॅन्ली क्युब्रिक यांचा, दुसरा पीटर हायम्स यांचा. दोन्हींच्या मुळाशी लेखक एकच, आर्थर सी. क्लार्क. दुसरा चित्रपट वाईट नाही. कथा नीट सांगणारा, मेहनतीने केलेला चित्रपट आहे. तरी आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर पहिल्यावर चर्चा चालू आहे आणि दुसऱ्याचा उल्लेख बहुधा पहिल्याच्या निमित्ताने होतो. हे का झाले, याचे उत्तर दोन्ही चित्रपट कसे घडले या इतिहासातच सापडते.

१९६४ साली क्युब्रिक यांचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' प्रदर्शित झाला होता. अणुयुद्धावरच्या त्या उपरोधिक चित्रपटानंतर त्यांना परग्रहावरील बुद्धिमान जीवसृष्टीवर चित्रपट करायचा होता. त्यांनी क्लार्क यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. क्लार्क १९५६ पासून सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, स्थायिक झाले होते. एप्रिल १९६४ मध्ये दोघे न्यूयॉर्कला भेटले. क्लार्क यांची 'द सेंटिनल' नावाची छोटी कथा १९५१ साली छापून आली होती. चंद्रावर माणसाला कुणीतरी ठेवून गेलेली एक वस्तू सापडते, एवढेच तिचे बीज. त्या बिजापासून दोघांनी कादंबरी आणि पटकथा एकाच वेळी रचायला घेतली.

चित्रीकरण डिसेंबर १९६५ अखेर इंग्लंडमध्ये सुरू झाले. तोवर माणूस चंद्रावर गेलेला नव्हता. अपोलो-११ उतरले ते जुलै १९६९ मध्ये. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाही चंद्रावरच्या पावलांना सव्वा वर्ष बाकी होते. अंतराळयानातील कृत्रिम गुरुत्वाकर्षण दाखवण्यासाठी विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीकडून ३८ फूट व्यासाचे, सुमारे ३० टन वजनाचे फिरते चाक बांधून घेतले गेले. त्याच्यावर साडेसात लाख डॉलर खर्च झाले. संगणकावर चित्रे काढण्याची सोय तेव्हा नव्हती. याने हाताने घडवलेली होती आणि प्रत्येक तुकडा कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष चालवलेला होता. चित्रपटाचा एकूण खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला.

एवढी माहिती अनेकांना असते. यापेक्षा कमी सांगितली जाणारी आणि आपल्या विषयाला अधिक लागू पडणारी गोष्ट म्हणजे क्युब्रिक यांनी चित्रपटातून काय काय काढून टाकले. सुरुवातीला खऱ्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती दाखवायच्या, परग्रहावर जीव असू शकतात हे प्रेक्षकांना त्यांच्या तोंडून पटवून द्यायचे, असे ठरले होते. मुलाखती चित्रित झाल्या आणि वगळल्या गेल्या. प्रसंगांचा अर्थ सांगणारे निवेदन योजले होते, तेही गेले. ॲलेक्स नॉर्थ यांनी खास संगीत रचले होते, ते बाजूला पडले आणि योहान स्ट्राउस, रिचर्ड स्ट्राउस, लिगेती यांच्या आधीच असलेल्या रचना आल्या. परग्रहवासी कसे दिसतात ते दाखवण्याचे पुष्कळ प्रयोग झाले. ते दाखवू नयेत, नुसते सुचवावेत, असा सल्ला कार्ल सेगन यांनी दिला होता, आणि अखेरीस ते दाखवले गेले नाहीत. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनला पहिला खेळ झाल्यावरही क्युब्रिक यांनी आणखी सुमारे १९ मिनिटांचा भाग कापला.

जे उरले ते असे. आदिमानवांच्या टोळीसमोर एके सकाळी एक गुळगुळीत काळी शिळा उभी असते. त्यांच्यातला एक जण हाडाचा हत्यारासारखा उपयोग करायला शिकतो, शत्रूला मारतो आणि हाड आकाशात भिरकावतो. पुढच्याच क्षणी पडद्यावर अंतराळात फिरणारे यान दिसते. मधली लाखो वर्षे एका कापात संपतात. पुढे चंद्रावर तशीच शिळा सापडते आणि ती गुरू ग्रहाच्या दिशेने संदेश पाठवते. त्या शोधात 'डिस्कव्हरी' हे यान निघते. यानाचा कारभार हॅल-९००० या बोलत्या संगणकाकडे असतो. वाटेत हॅल माणसांना मारतो, वाचलेला बोमन त्याला बंद करतो आणि एकटाच गुरूजवळ पोहोचतो. तिथे त्याचे जे होते ते शब्दांत सांगता येत नाही, आणि चित्रपटही ते शब्दांत सांगत नाही.

या चित्रपटाच्या पहिल्या सुमारे २५ मिनिटांत एकही संवाद नाही. शेवटचा मोठा भागही असाच मूक आहे. पहिल्या आठवड्यांत प्रेक्षक उठून गेले, न्यूयॉर्कच्या काही नामवंत समीक्षकांनी चित्रपट कंटाळवाणा ठरवला. अँड्र्यू सॅरिस यांच्यासारख्या समीक्षकाने पुढे पुन्हा पाहून आपले मत बदलले. पण चित्रपट तगवला तो तरुण प्रेक्षकांनी. ते परत परत येत राहिले आणि बाहेर पडल्यावर त्यावर वाद घालत राहिले.

आता पुढच्या भागाकडे वळू. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही याने गुरूजवळून गेली. गुरूचा चंद्र आयो याच्यावर जिवंत ज्वालामुखी दिसले आणि युरोपा या चंद्रावर बर्फाचे कवच दिसले. क्लार्क यांच्यासारख्या लेखकाला हे खुणावणार यात नवल नाही. १९८२ साली त्यांची '२०१० : ओडिसी टू' ही कादंबरी आली. ती त्यांनी दोन रशियनांना अर्पण केली : अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह, ज्यांनी मार्च १९६५ मध्ये यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला माणूस होण्याचा मान मिळवला, आणि शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह, जे तेव्हा आपल्याच देशात हद्दपारी भोगत होते.

क्युब्रिक पुढचा भाग करणार नव्हते. हायम्स यांनी जबाबदारी घेतली, आणि क्युब्रिक यांनी त्यांना बिनधास्त आपला स्वतःचा चित्रपट करायला सांगितले, असे हायम्स यांनी नंतर सांगितले आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचे हायम्स आणि कोलंबोचे क्लार्क टेलिफोनच्या तारेवरून संगणकाने रोज पत्रे पाठवत होते. ई-मेल हा शब्द घराघरांत पोहोचायच्या किती आधीची ही गोष्ट! तो पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. आणखी एक अडचण होती. आपल्या वस्तू दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून क्युब्रिक यांनी पहिल्या चित्रपटाचे बहुतेक सेट आणि मॉडेल नष्ट करायला लावले होते. त्यामुळे डिस्कव्हरी यान जुन्या चित्रपटाच्या चौकटी मोठ्या करून, त्यांच्याकडे पाहून पुन्हा बांधावे लागले. गुरूचे फिरते ढग मात्र महासंगणकाच्या मदतीने रंगवले गेले आणि ते उत्तम साधले.

डिसेंबर १९८४ मध्ये '२०१०' प्रदर्शित झाला. त्याची सुरुवात पाहा. पडद्यावर अहवाल टाइप होत जातो : डिस्कव्हरीचे काय झाले, हॅलचे काय झाले, बोमनचे शेवटचे शब्द काय होते. हे शेवटचे शब्द क्लार्क यांच्या कादंबरीतले आहेत; पहिल्या चित्रपटात बोमन ते बोलतच नाही. पुढे कथानायक डॉ. फ्लॉइड पत्नीला निरोप पाठवतो आणि त्या निरोपांतून आपल्याला सगळे समजावून सांगितले जाते. क्युब्रिक यांनी काढून टाकलेले निवेदन असे मागच्या दाराने परत आले. शेवटी तर शिळेचे मालक हॅलच्या मार्फत पृथ्वीला लेखी संदेशच पाठवतात. १९६८ मध्ये जी शिळा अखेरपर्यंत गप्प होती, तिने १९८४ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या : हे जग तुमचे, ते जग तुमचे नाही, शांततेने राहा.

शांततेने राहा हा उपदेश कुणाला नको आहे? १९८४ च्या जगाला त्याची गरजही होती. कादंबरीत अमेरिका आणि रशिया यांच्यातली युद्धाची धमकी नाही. ती हायम्स यांनी घातली. खाली पृथ्वीवर दोन्ही देश युद्धाच्या काठावर आणि वर एकाच यानात दोन्हीकडची माणसे, अशी ती रचना आहे. रशियन यानाचे नाव 'लिओनोव्ह'. खरे लिओनोव्ह जुलै १९७५ मध्येच अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळात अमेरिकनांना हस्तांदोलन करून आले होते. आणि चित्रपट आला त्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, आपले राकेश शर्मा दोन रशियन सोबत्यांबरोबर सोयुझ टी-११ मधून सॅल्यूट-७ स्थानकावर गेले. वरून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी इक्बालच्या तराण्यातून उत्तर दिले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

पण अशा बातमीशी बांधलेल्या गोष्टीचे आयुष्य बातमीइतकेच असते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. नोव्हेंबर २००० पासून रशियन आणि अमेरिकन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय स्थानकावर एकत्र राहू लागले. खरे २०१० साल उजाडले तेव्हा '२०१०' मधले जग उरलेलेच नव्हते. '२००१' मधलीही सगळी भाकिते खरी ठरली नाहीत. २००१ मध्ये चंद्रावर वसाहत नव्हती, आजही नाही. तरी तो चित्रपट जुना वाटत नाही, कारण त्याचा भार भाकितावर नव्हताच.

मग तो कशावर होता? इथे हॅलचा प्रसंग बारकाईने पाहावा लागतो. हॅलने माणसे का मारली, हा पहिल्या चित्रपटाचा सर्वांत चर्चिला गेलेला प्रश्न. दुसऱ्या चित्रपटात हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा त्याचे उत्तर देतात. मोहिमेचा खरा हेतू सोबत्यांपासून लपवून ठेवण्याचा आदेश हॅलला होता. माहिती तशीच्या तशी, काही न लपवता देणे हा तर त्याचा धर्म. या दोन आज्ञांच्या कात्रीत त्याची बुद्धी फिरली. जाता जाता एक नोंद : कादंबरीतले चंद्रा भारतीय आहेत आणि त्यांचे पूर्ण नाव शिवसुब्रमण्यन् चंद्रशेखरम्‌पिल्लै आहे. पडद्यावर ती भूमिका बॉब बालाबान या अमेरिकन नटाने केली आणि भारतीयपण नावापुरते उरले.

चंद्रांचे उत्तर चांगले आहे. यंत्राने पाप केले ते माणसाने त्याला खोटे बोलायला लावले म्हणून, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु हे उत्तर १९८४ मध्ये शोधलेले नाही. १९६८ च्या कादंबरीत क्लार्क यांनी ते लिहिले होते. क्युब्रिक यांना ते माहीत होते आणि त्यांनी ते पात्राच्या तोंडी घातले नाही. त्याऐवजी त्यांनी खुणा ठेवल्या. चंद्राकडे जाताना अंतराळस्थानकावर रशियन शास्त्रज्ञ डॉ. फ्लॉइडला विचारतात, क्लॅव्हियस तळावर साथ पसरली आहे का? तो होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बोलायची परवानगी नाही, एवढेच सांगतो आणि अफवा तशीच राहू देतो. पुढे तळावरच्या बैठकीत कळते की साथीची गोष्ट बनावट आहे. आपल्यालाही ती आवडत नाही, असे फ्लॉइड सभ्यपणे म्हणतो, आणि लगेच गुप्ततेची लेखी हमी मागतो. बऱ्याच वेळाने, यानात, हॅल बोमनकडे हळूच विषय काढतो : निघण्यापूर्वी चंद्रावर काही सापडल्याच्या अफवा होत्या, तुझ्या कानावर आल्या का? बोमन दाद देत नाही. त्याच संभाषणात, दुसऱ्याच क्षणाला, हॅल एका सुट्या भागात बिघाड असल्याचे सांगतो. तो बिघाड नसतोच. सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. आणि हॅल बंद पडल्यावर पडद्यावर कोण येते? फ्लॉइडच. त्याचे आधीच मुद्रित केलेले भाषण सांगते की खरा हेतू यानावर एकट्या हॅलला माहीत होता.

या चार खुणा जोडणारा प्रेक्षक स्वतःच उत्तरापर्यंत पोहोचतो. त्याला आणखी काही कळते : खोटे कुणा दुष्टाने पेरले नव्हते. एका सज्जन, हसतमुख, मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या अधिकाऱ्याने ते संभाळले होते, आणि यंत्राने त्याच्याकडूनच तो धडा घेतला होता.

दुसऱ्या चित्रपटाने नेमके हेच गमावले. तिथे फ्लॉइड नायक आहे, आणि नायकाचे हात स्वच्छ हवेत. म्हणून हॅलला गुप्त आदेश दिल्याचे कळताच तो चिडतो. आपल्याला याची कल्पनाच नव्हती म्हणतो. दोष वॉशिंग्टनच्या कुठल्याशा सुरक्षा समितीवर जातो. पहिल्या चित्रपटातले मुद्रित भाषण आठवणारा प्रेक्षक इथे अडखळतो. ज्या माणसाला आपण डोळ्यांनी लपवाछपवी करताना पाहिले, त्यालाच निर्दोष ठरवले गेले. उत्तर मिळाले, पण जबाबदारी हरवली. माझ्या मते दुसरा भाग उणा पडतो तो इथे; तांत्रिक बाजू किंवा अभिनय यांत नाही.

न्याय म्हणून दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. '२०१०' च्या अखेरीस यान नष्ट होणार असते. हॅलला पुन्हा फसवावे, असे इतरांना वाटते. चंद्रा ऐन वेळी त्याला खरे सांगतात, आणि खरे कळल्यावर हॅल शांतपणे आपले काम पूर्ण करतो. हा प्रसंग मनाला भिडतो. या एका प्रसंगासाठी तो चित्रपट पाहावा. युरोपाविषयीचे कुतूहलही त्याने सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने 'युरोपा क्लिपर' हे यान त्याच चंद्राच्या अभ्यासासाठी सोडले. चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पुरस्कार मिळाला नाही.

पहिल्यालाही ऑस्कर एकच, दृश्य करामतींसाठी. पण काळाचा कौल निराळा असतो. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारले, तेव्हा '२००१' पहिल्या क्रमांकावर आला. क्युब्रिक १९९९ मध्ये वारले, क्लार्क २००८ मध्ये. दोघांनाही हा कौल पाहता आला नाही.

आज बोलणारी यंत्रे घराघरांत आली आहेत. ती कधी खरे सांगतात, कधी खोटे, आणि दोन्ही त्याच गोड आवाजात. अशा वेळी हॅलचा प्रश्न पुन्हा ताजा झाला आहे. यंत्र का चुकले, याचा खुलासा प्रत्येक वेळी एखादा डॉ. चंद्रा येऊन देईल, या भरवशावर राहून चालणार नाही. यंत्राला कुणी काय शिकवले, कुणी काय लपवले, हे आपल्यालाच खुणा जोडून ओळखावे लागेल. १९६८ चा चित्रपट प्रेक्षकाकडून हीच मेहनत करून घेतो. वर्गातही आमचा अनुभव असाच असतो : मार्गदर्शकातले उत्तर मूल परीक्षेपर्यंत सांभाळते, स्वतः काढलेले उत्तर पुढे बरोबर नेते.

ज्यांनी हे दोन्ही चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांना एवढीच शिफारस : आधी '२००१' पाहावा आणि लगेच '२०१०' लावू नये. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. त्या दिवसांत मनात जे काही येईल, ती त्या चित्रपटाची आपली स्वतःची शरह असेल. हायम्स यांची मग खुशाल वाचावी.